अहिरराव सर आणि चार मीटर वायर

अहिरराव सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी कळवणला आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसले होते. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर माझ्या वेळच्या देवरेंनी सरांचा फोटो टाकला होता आणि खाली दोन ओळी. दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी देवमाणूस म्हटलं, कुणी ऋषी. ज्या मुलाला सरांनी एकदा सगळ्या वर्गासमोर बाहेर काढलं होतं, त्याने तर 'माझा दुसरा बाप' असं लिहिलं. मी हात जोडले नाहीत. मला राग आला. पहिल्यांदा मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगते... सुटला हा माणूस. मला एक ओळ लिहून द्यायची होती त्यांनी. 'तिडकेंचे आकडे खरे होते,' एवढीच. तिडके म्हणजे मी. तीन वेळा फोन करून मागितली होती. ती न लिहिताच गेले. मग मेलेल्या माणसाबद्दल असं वाटल्याची लाज वाटली, आणि लाज वाटायला लावली म्हणून पुन्हा राग आला.

दीड महिना झाला त्याला. या पुरवणीसाठी सरांवर लिहा, असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी विचारलं, चांगलं नसलं तरी चालेल का? पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्यांना ती गंमत वाटली असावी.

सरांना ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नाशिकच्या एका कॉलेजात ते भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख होते, निवृत्त होईपर्यंत. बारीक अंगकाठी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी वायरी बांधायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. नीटनेटकेपणा हा त्यांचा धर्म होता, आणि धर्म म्हटला की त्यात पाखंडी शोधणं आलंच. एखाद्या मुलाची वायर टेबलावर वेडीवाकडी दिसली तर सर दिवसभर त्याच्याशी बोलत नसत. 'वायरिंगवरून माणसाचे संस्कार कळतात,' हे त्यांचं आवडतं वाक्य. मुलींसाठी त्याची वेगळी आवृत्ती होती, 'वेणी आणि वायर, दोन्ही बघणाऱ्याला नीट दिसल्या पाहिजेत.' आम्ही हसायचो. हसायला नको होतं, हे आता कळतं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नावावर जमा करावीच लागेल. मी पीएचडीसाठी विचारायला गेले, त्या दिवशी ते मला गच्चीवरच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. तिथे काळ्या कागदात गुंडाळलेल्या तीन प्लास्टिकच्या पाट्या एकाखाली एक लावलेल्या होत्या, दोन पाट्यांमध्ये हातभर जागा. आकाशातून सतत कण पडत असतात, म्यूऑन म्हणतात त्यांना. छपरातून, आपल्यातून आरपार जातात, कुणाला पत्ता लागत नाही. पाटीतून असा कण गेला की आत बारीकसा प्रकाश चमकतो, पाटीला जोडलेली फोटोट्यूब त्याचा विजेचा ठोका करते आणि तो वायरीतून यंत्राकडे जातो. सरांनी मला सगळ्यात वरच्या पाटीवर तळहात ठेवायला लावला. यंत्र टिकटिकत होतं. म्हणाले, "आत्ता जो टिक झाला ना, तो आधी तुझ्या हातातून गेला." मी हात काढलाच नाही बराच वेळ. त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्याकडे आले. ते वाक्य मी आजही वर्गात वापरते. चोरलेलं आहे, कबूल.

माझं काम साधं होतं आणि चिकाटीचं. वरची आणि खालची पाटी एकाच वेळी बोलली, म्हणजे कण दोन्हींतून गेला. मग तो मधल्या पाटीतूनही गेलाच असणार. असे शंभर कण गेले तर मधलीने किती टिपले, ती तिची एफिशियन्सी. ही आधी पक्की ठाऊक नसेल तर पुढच्या कुठल्याही मोजणीला अर्थ नाही. आपली जाळी किती मासे सोडते हे माहीत नसताना नदीत मासे किती, हे सांगण्यासारखं ते होईल. माझी मधली पाटी शंभरातले पंच्याण्णव कण टिपायची, कधी शहाण्णव. वर्षभर रोज सकाळी मी तो आकडा लॉगबुकात लिहिला. हवेचा दाब, तापमान, सगळं शेजारी. त्या आकड्यांवर माझा प्रबंध उभा राहणार होता.

मखमलाबादला आमची दीड एकर झेंडूची शेती. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. दसऱ्याच्या आधीचे चार दिवस आमच्याकडे कुणीच कुणाचं नसतं, सगळे फुलांचे असतात. पहाटे तोडणी, मग क्रेट भरायचे, मग फुलबाजार. मी दरवर्षीप्रमाणे चार दिवस सुट्टी घेतली. सरांनी दिली, कपाळाला आठी घालून. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी कॉलेजला मोठी तपासणी कमिटी येणार होती.

परत आले तर प्रयोगशाळा ओळखू येईना. रॅक पुसलेला, फरशी चकचकीत, आणि तिन्ही पाट्यांच्या वायरी एकसारख्या लांबीच्या, वेणी घालावी तशा एकत्र बांधलेल्या, वीतभर अंतरावर एकेक पांढरी पट्टी. आधी रॅकच्या मागे एक वायरीचं भेंडोळं लोंबत असायचं. मी येण्याच्या आधीपासून होतं, मला वाटायचं उरलेली वायर कुणीतरी गुंडाळून टाकलीय. तेही गायब. आणि मी काय म्हटलं माहीत आहे? "सर, किती छान दिसतंय!" हे मी म्हटलं, माझ्या तोंडाने. कमिटी आली, फोटो निघाले, अहवालात गच्चीवरच्या प्रयोगशाळेचं कौतुक छापून आलं.

त्या दिवसापासून माझा आकडा पडला. पंच्याण्णववरून साठावर. दुसऱ्या दिवशी एकसष्ट. मला वाटलं फोटोट्यूब गेली. व्होल्टेज वाढवून पाहिलं, काळा कागद सोडून पुन्हा गुंडाळला, कुठून उजेड शिरतोय का म्हणून टॉर्च लावून तासन् तास पाट्या न्याहाळल्या. साठ, बासष्ट, एकोणसाठ. तीन आठवड्यांनी विभागाची बैठक झाली. सात-आठ प्राध्यापक, आम्ही संशोधन करणारे चौघे, आणि दाराशी चहाचा ट्रे घेऊन प्रयोगशाळेतले खैरनार मामा. सरांनी माझं लॉगबुक टेबलावर उघडलं, दसऱ्याआधीच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "तिडके, हे पंच्याण्णव कुठून आणलेस?"

मी म्हटलं, "सर, मोजले."

"यंत्र तेच, पाटी तीच, खोली तीच. आज साठ येतात. मग तेव्हा पंच्याण्णव कसे?" मी काही बोलायच्या आत ते बाकीच्यांकडे वळून हसले आणि म्हणाले, "यांच्याकडे फुलांचं वजन वाढवायला पाणी मारतात ना बाजारात. ती सवय इथे चालायची नाही, बाई."

कुणीतरी हसलं. कोण ते मला माहीत आहे, लिहीत नाही. मी उठून गेले नाही, रडलेही नाही. टेबलाच्या कडेला लागलेल्या चहाच्या डागाकडे बघत राहिले. माझे वडील फुलांवर पाणी मारत, हो. सगळेच मारतात. फुलं कोमेजू नयेत म्हणून. घरी जाऊन मी त्यांना हे सांगितलं नाही. कधीच सांगितलं नाही. त्यांना वाटलं, पोरीला पुढे झेपलं नाही. ते तसंच समजून वारले.

त्यानंतर पाच महिने मी त्या गच्चीवर घालवले. तिन्ही ट्यूब काढून, तपासून पुन्हा जागच्या जागी लावल्या, यंत्रातलं एकेक कार्ड बाहेर काढून पाहिलं. वायरींकडे फक्त पाहिलं नाही. त्या इतक्या सुंदर दिसत होत्या, तिन्ही अगदी समान. समान असणं म्हणजे बरोबर असणं, हे माझ्याही डोक्यात सरांनीच बसवलं होतं. मुदतवाढीच्या अर्जावर सरांनी 'शिफारस नाही' असं लिहिलं, सुवाच्य अक्षरात. मी कळवणला नोकरी धरली. सायन्सच्या मुलांना ओहमचा नियम शिकवायला लागले. बसमधून येता-जाता दिंडोरीचे द्राक्षमळे दिसत, आणि मी रोज स्वतःला तोच प्रश्न विचारत असे... मी खरंच मोजले होते ना? याहून वाईट काही एखाद्या माणसाला दुसऱ्या माणसाचं करता येत असेल असं मला वाटत नाही. वर्षं गेली तशी मला माझीच खात्री वाटेनाशी झाली.

खैरनार मामा मूळचे सटाण्याकडचे. निवृत्तीनंतर ते गावी राहायला गेले आणि त्यांची नात आमच्याकडे अकरावीला आली. प्रवेशाच्या दिवशी मामा स्वतः आले होते. माझ्याकडे बघून त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. नात फॉर्म भरत होती. मामा हळूच म्हणाले, "मॅडम, आता सांगाले काय हरकत शे. ती मागची गुंडाळी व्हती ना, ती सायबांनीच कापेल शे."

"कुठली गुंडाळी, मामा?"

"रॅकमागची. मधल्या पाटीची. कमिटी येणार म्हणून. मी म्हणलं, सायेब, हाई तुमनीच बांधेल शे, राहू द्या. तर म्हणे, लोंबून राहिली, कमिटीले दिसंल." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "मिटिंगमधी बोलायले पाहिजे व्हतं मी. नोकरी व्हती, मॅडम."

मी तिथेच बाकावर बसले. भेंडोळं किती मोठं होतं ते डोळ्यांसमोर आणलं, वेढे मोजले. चारेक मीटर. वायरीत विजेच्या ठोक्याला एक मीटर जायला साधारण पाच नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. चार मीटरला वीस. मधल्या पाटीची फोटोट्यूब वेगळ्या बनावटीची होती, तिचा ठोका बाकीच्या दोघींच्या आधी निघायचा. म्हणून कुणीतरी शहाण्या माणसाने तिला चार मीटर जास्त वायर दिली होती. घाई असलेल्याला लांबच्या रस्त्याने पाठवावं, म्हणजे सगळे एकदम दारात पोचतात. ती वायर कापली, आणि मधलीचा ठोका वीस नॅनोसेकंद आधी येऊन निघून जायला लागला. तिघींचे ठोके एकत्र आलेत का, हे यंत्र अगदी एवढ्याशा वेळेत बघतं. जे रेंगाळत आले तेवढेच सापडत होते. म्हणून साठ. कण पूर्वीइतकेच पडत होते, पाटी पूर्वीइतकीच चमकत होती. ते भेंडोळं म्हणजे उरलेली वायर नव्हतीच. तेच तर यंत्र होतं. आणि ते बांधणारा शहाणा माणूस, मामा सांगत होते, स्वतः अहिरराव सर.

त्याच आठवड्यात मी गंगापूर रोडला सरांच्या घरी गेले. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तीच आमची शेवटची भेट. सर थकले होते, पण शर्टाला इस्त्री होती. मी उभ्यानेच विचारलं. त्यांनी आठवायचं नाटक केलं नाही, एवढं मान्य करते. म्हणाले, "हो, कापली. फार वाईट दिसत होतं ते."

"सर, ती डिलेची वायर होती. तुम्हीच लावलेली."

"माहीत आहे मला. त्या गडबडीत ध्यानात नाही आलं. कमिटी गेल्यावर आठवड्याभरात आलं." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात पाहत तसं. "माझ्या लक्षात आठवड्यात आलं, तिडके. तुझ्या पाच महिन्यांत का नाही आलं? मी वाट बघत होतो."

मी बोटांवर मोजलं. कमिटी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. त्यानंतर एक आठवडा. बैठक तीन आठवड्यांनी. म्हणजे ते फुलांच्या पाण्याचं वाक्य बोलले, तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. पंच्याण्णव कुठून आले, हे त्या टेबलाभोवती एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तोच मला विचारत होता.

ती माझी परीक्षा होती, की स्वतःची चूक झाकायला त्यांनी तिला परीक्षेचं नाव दिलं? की त्या दिवशी मी दारात उभी राहिले तेव्हाच त्यांना ते सुचलं? मला कळत नाही. आणि जे मला सगळ्यात जास्त झोंबलं तेही लिहून टाकते. प्रश्न खरा होता. माझ्या लक्षात यायला हवं होतं. रॅकमागचं भेंडोळं गायब झालेलं मी पाहिलं होतं आणि वर त्याचं कौतुक केलं होतं. पण विद्यार्थ्याची चूक विद्यार्थ्याची असते, ती दाखवायला शिक्षक असतो. आपली चूक त्याच्या नावावर चढवून वर त्याच्या बापाच्या धंद्याला हात घालायला नसतो. हे मी त्यांना म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, "सर, विभागाला एक ओळ लिहून द्या. माझे आकडे खरे होते म्हणून." ते म्हणाले, "बघू." मग चहा घेणार का विचारलं. मी नाही म्हटलं. फोनवरही तीन वेळा 'बघू'च म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज बारीक झाला होता, मला जरा दया आली होती. आता वाटतं, दया करायला नको होती.

मागच्या महिन्यात गच्चीवरच्या प्रयोगशाळेत सरांचा फोटो लावायचा कार्यक्रम होता. माझ्याबरोबर संशोधन करणारे देवरे आता विभागप्रमुख आहेत. त्यांनी फोन केला, "मॅडम, तुम्ही पण चार शब्द बोला." मी गेले. जाताना पिशवीत चार मीटर वायर नेली, दोन्ही टोकांना कनेक्टर स्वतः लावलेले. कार्यक्रमाच्या तासभर आधीच पोचले. त्याच तीन पाट्या, तीच वेणी, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. यंत्र चालू होतं, नव्या मुलांना दाखवायला ठेवतात. मी विचारलं, मधली किती देते? देवरे म्हणाले, "साठ-बासष्ट. जुनं झालंय ना मॅडम, आता एवढंच द्यायचं."

मी मधल्या पाटीची वायर काढली, माझी चार मीटर मध्ये जोडली आणि मोजणी शून्यापासून सुरू केली. देवरे बाजूला उभे राहून बघत होते. खाली खुर्च्या मांडल्याचा आवाज येत होता. अर्धा तास मोजणी चालू दिली. मग देवरेंनी खिशातून फोन काढून भागाकार केला. पुन्हा केला. फोन माझ्याकडे वळवला. पंच्याण्णव पूर्णांक काहीतरी होतं. मला पुढचं दिसेना, कारण डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्या आकड्यासाठी रडले, आणि तेही देवरेंसमोर. बैठकीत ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते.

मी म्हटलं, "देवरे, हे लॉगबुकात लिहा. वायर का लावली तेही लिहा, खाली सही करा." त्यांनी दाराकडे पाहिलं. हार आणि फोटो घेऊन लोक जिना चढत होते. "मॅडम, आजच्या दिवशी नको. सरांचा कार्यक्रम आहे... बघू नंतर." तेच शब्द. माणूस गेला की त्याचं बोलणं असं दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसतं. मी भाषण केलं नाही. घसा बसलाय असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

आठवड्याने देवरेंचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "मॅडम, ती तुमची वायर... सरांच्या फोटोच्या बरोबर खाली लोंबतेय. येणारे-जाणारे विचारतात. काढू का?"

मी म्हटलं, "काढा. काढल्यावर आकडा बघा, आणि तो लिहून खाली सही करा."

मग त्यांनी वर्ग असल्याचं सांगून फोन ठेवला.

परवा कामासाठी नाशिकला गेले होते, तेव्हा मुद्दाम गच्चीवर चढले. लॉगबुकात ओळ लिहिलेली नाही. सर फोटोतून समोर बघतायत, इस्त्रीच्या शर्टात, खिशात पांढऱ्या पट्ट्या. त्यांच्या हनुवटीखाली वीतभरावर माझी चार मीटर वायर लोंबतेय, वेडीवाकडी, कुठेही न बांधलेली. ती काढायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही.